धावडा, तेंदू, बिजा

परिपत्रक आलं मंगळवारी, लसीच्या डब्यांच्या जीपमधून,
कोपरा बर्फानं ओला.
विषय : रुग्णांच्या माहितीचे संरक्षण, बदललेले नियम.
डॉक्टर वैरागडे म्हणाले, रेवनाथ, वाच आणि सांग
आपण यात कुठं बसतो.

वाचलं. कुठंच बसत नव्हतो.

मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टी,
तिच्यावर केंद्राचं नाव आणि एक दोन तीन.
हा पासवर्ड सगळ्यांना पाठ,
ॲम्ब्युलन्सच्या दुर्योधनला, औषधवाल्या मॅडमला,
झाडणाऱ्या सुमनबाईच्या नातवालाही,
जो दुपारी याच कॉम्प्युटरवर पत्ते खेळतो.

प्रशिक्षण पंचायत समितीच्या सभागृहात.
नागपूरहून आलेला पोरगा, पडद्यावर कुलपाचं चित्र.
दंडाचा आकडा आला तेव्हा मागून कुणी ओरडलं,
"साहेब, शून्यं मोजून सांगा नं!"
सगळे हसले. समोसे आले. लाइट गेली.
अंधारात तो एकटाच म्हणत राहिला :
संमती. आधी संमती.

मी हसलो नाही, असं लिहायला हवं.
मी हसलो होतो.

माघात
सिकलसेलची यादी पाचच्या आत वर जायची होती.
पोर्टल उघडेना.
पाण्याच्या टाकीच्या सातव्या पायरीवर रेंज येते,
तिथं चढून रजिस्टरच्या पानाचा फोटो काढला, पाठवला.
दोन ग्रुप होते, दोन्हींचं नाव 'आरोग्य',
एकाच्या पुढं गावाचं नाव.
पुसला, अकरा मिनिटांनी.
आमच्या गावाला अकरा मिनिटं खूप झाली.

पानावर एकोणीस ओळी.
नवव्या ओळीतल्या मुलीचं साक्षगंध ठरलं होतं.
त्यांनी काही बोलणं केलं नाही,
नुसती साडी परत पाठवली, घडी न मोडलेली.
तिचं नाव इथं लिहीत नाही.
एवढं तरी.

कुंदा नैताम सिस्टर, नोकरी एकतीस वर्षं,
प्रशिक्षणभर झोपल्या होत्या.
परतीच्या एसटीत पिशवीतून वही काढली,
प्लास्टिकच्या कव्हरची, हळद लागलेली.
नावांच्या जागी झाडं :
धावडा. तेंदू. बिजा. मोह, दोनदा, एकाखाली रेघ.
पुढं तारखा, गोळ्या, वजन.
"कोनाच्या पोटातलं कोनाले सांगाचं नसते, बाबू.
यायले आता सुचून राह्यलं का?"

मी म्हटलं, सिस्टर, जूनमध्ये तुम्ही रिटायर.
मग ही वही कुणाला वाचता येईल?

बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत होत्या.
नाल्याशी बस खाली उतरली, वर चढली.
मग म्हणाल्या, "हो ना.
धावड्याले गोळ्या कोन देईन?"

चिकटपट्टी काढली. तिचा डिंक अजून बोटाला चिकटतो.
आता प्रत्येकाला वेगळं लॉगिन.
दुर्योधन रुसला आहे, नातू माझ्याशी बोलत नाही,
कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली शोधण्यात
रोजची दहा मिनिटं जातात.

अहवालात एक रकाना :
यापूर्वी माहिती उघड झाल्याची घटना, होय की नाही.
डॉक्टर म्हणाले, नाही लिही, सगळे नाहीच लिहितात.
मी त्यांना माघ सांगितला.
त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला
आणि बाहेरच्या रांगेला आत बोलवायचं विसरले.
होय लिहिलं.
तपशिलाच्या चौकोनात दोनशे अक्षरं मावतात.

गुरुवारी सिस्टर एका बाईला घेऊन आल्या.
"हे धावडा," माझ्या कानाशी म्हणाल्या.
मी स्क्रीन रांगेकडून वळवली,
छापील कागद वाचून दाखवला, सावकाश, दोनदा.
विचारलं, तुमचं खरं नाव इथं लिहू का?

तिनं मागं वळून रांगेत कोण कोण आहे ते पाहिलं.
मग मला पाहिलं,
टाकीवर कोण चढलं होतं, हे ठाऊक असल्यासारखं.
"आज नाई," ती म्हणाली.
"गोळ्या दे."